शेवटच्या धारेपर्यंत

४ फेब्रुवारी

मावशी,

साष्टांग नमस्कार कागदावरच घालते. खरोखर घालायचा तर पालथं पडावं लागेल, आणि पालथं पडणं सध्या माझ्या नशिबात नाही. का, ते पुढे सांगते.

परवा फोनवर आपण बोललो त्याला बोलणं म्हणायचं का? मी म्हटलं, "दुखतंय गं." तू म्हणालीस, "हो हो, इथेही थंडी आहे." उभा जन्म त्या धार काढायच्या मशीनशेजारी काढलास आणि कान घालवून बसलीस. मोबाइलवरची अक्षरं तुला मुंग्या दिसतात. म्हणून शेवटी कागद घेतला. आता तुला वाचावंच लागेल, "हो हो" म्हणून सुटका नाही.

बाळ छान आहे. नाव ठरलेलं नाही, बाप पुढच्या रजेवर आला की ठरवू. तोवर मी तिला मुठू म्हणते, कारण ही बया जन्मल्यापासून दोन्ही मुठी आवळून आहे. आंघोळ घालताना बोटं सोडवून आतला मळ काढावा लागतो. नाक तुझं घेतलंय. सॉरी, पण घेतलंय.

तुझे जावई बोगद्याच्या कामावर परत गेले. डोंगराच्या पोटात फोन लागत नाही, रविवारी वर आले की लागतो. चष्म्याच्या दुकानातल्या माझ्या मैत्रिणी एकदा येऊन गेल्या, केक खाल्ला, बाळाला सर्दी होईल म्हणून लांबूनच बघितलं आणि गेल्या. मी भिंगं घासायच्या मशीनवर नसते तेव्हा ते मशीन कोण बिघडवतं, एवढं मात्र सविस्तर सांगितलं. तेव्हा घरात मी, मुठू आणि समोरच्या शाळेची घंटा.

आता मुद्द्याचं. दूध उतरलं, आणि असं उतरलं की कुणी नळ उघडून चावी खिशात घालून निघून गेलं. छाती दगड झालीय. कातडी ताणून चकाकतेय. हात अंगाशी नीट टेकत नाहीत, मी घरात पहिलवानासारखी हात फाकवून चालते. कुशीवर वळता येत नाही. आणि मुठूला धरायला काही मिळतच नाही. तोंड लावते, घसरते, परत लावते, परत घसरते, मग रडते. मग मी रडते. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी आवाज ऐकून कोबीची थंड पानं आणून दिली. ती आत ठेवून बसलेय. थोडं बरं वाटतं, पण अंगाला भाजी मंडईचा वास येतो.

आई असती तर तिला विचारलं असतं. पण ती मी जन्मल्यावर आठवड्यात गेली, आणि तू लग्नच केलं नाहीस, कधी कुणाला पाजलं नाहीस. तरी दुधातलं कळणारं माझं माणूस या जगात तू एकटीच. तटतटलेली कास तू रोज बघतेस. तेव्हा लाज सोडून सांगते, मला गाय समज आणि सांग, काय करू?

तुझी,
ठमी


११ फेब्रुवारी

ठमे,

आशीर्वाद. ओंजळीनं नाही, घमेल्यानं.

पत्र वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. गाय समज म्हणतेस. समजायला काय लागतंय? लहानपणापासून तू तशीच, खुंट्याला बांधलं की दावं तोडणारी. तोडून कुठल्या कुठे जाऊन संसार मांडलास.

नाक माझं घेतलंय तर घेऊ दे. माझं तरी कुणी काय घेतलं आजवर.

आता नीट ऐक. म्हणजे वाच. तटलेल्या कासेला एकच औषध, ती रिकामी करणं. अर्धवट चालत नाही. आमच्या डेअरीत नवीन कुणी कामाला लागलं की मी पहिला धडा हाच देते: शेवटच्या धारेपर्यंत. दूध आत राहिलं की गाठ होते, गाठीचा स्तनदाह होतो, आणि मग गाय तापानं फणफणते. मशीन काढलं तरी मी प्रत्येक सड हातानं पुन्हा पिळून बघते. मालक म्हणतो, "बाई, तुम्ही गायीची ढेकरसुद्धा आत ठेवत नाही." म्हणू दे. माझ्या रांगेतल्या गायीला कधी स्तनदाह झालेला नाही.

तर असं कर. गरम पाण्यात फडकं बुडवून शेक. वरून खाली हलक्या हातानं चोळ. बाळ जेवढं पिईल तेवढं पिऊ दे. मग उरलेलं सगळं काढ. हातानं जमत नसेल तर तुमच्यासाठी यंत्र मिळतं म्हणे, ते आण. दर वेळी काढ. थेंब थांबेपर्यंत काढ. आमची मास्तरीण (हे गायीचं नाव, तिला सगळ्यांना शिस्त लावायची सवय आहे) पहिल्या वेताला अशीच दगड झाली होती. मी तिला रोज निथळून काढलं. आता आख्ख्या गोठ्यात तिच्याएवढं दुभतं जनावर नाही.

कोबी आम्ही गायींना खायला घालतो. वर कुणी लावत नाही. तरी बरं वाटत असेल तर लाव.

यायचं खूप मनात आहे. पण हे दिवस वेतांचे, एकेका रात्री दोन दोन गायी विणार, आणि मी नसले की मालकाला काही सुचत नाही. वेतं संपली की बघू. तू पाठवलेला फोटो कपाटाच्या दाराला आतून लावलाय. बाहेर लावला तर येणारा जाणारा "कुणाची?" विचारतो, आणि मला उत्तर ऐकवण्यापेक्षा त्यांचा प्रश्न ऐकण्याचाच त्रास होतो.

पोटभर खा. पाणी पी. रडू नकोस, पान्हा चोरला जातो.

मावशी


२४ फेब्रुवारी

मावशी,

तुझी शिष्या पास झाली. शिंपीणबाईंच्या ओळखीनं दूध काढायचं यंत्र मिळालं. ते "गुर्र फुस्स, गुर्र फुस्स" करतं आणि मला डोळे मिटले की तुझ्या रांगेत उभी असल्यासारखं वाटतं. पहिल्यांदा शेवटच्या थेंबापर्यंत काढलं तेव्हा छाती अशी मऊ झाली की मी खुर्चीतच झोपून गेले. मावशी, तुझ्या पाया पडावंसं वाटलं.

फक्त एक गंमत आहे. जेवढं काढावं तेवढं जास्त येतं. सकाळी रिकामी केलेली छाती मुठूची आंघोळ होईपर्यंत पुन्हा तटते. पुन्हा दगड, पुन्हा यंत्र. फ्रीझरमध्ये आता बर्फ ठेवायला जागा नाही. मटार बाहेर काढले, मग मासे बाहेर काढले, सगळीकडे दुधाच्या पिशव्या. माझे सगळे सदरे समोरून ओले. दारावर कुरिअरवाला आला तर आधी टॉवेल गुंडाळते, मग दार उघडते. तो बिचारा छताकडे बघत सही घेतो.

मुठूचं म्हणशील तर तिला थोडा ठसका लागतो. धारच एवढी जोरात येते की तिच्या नाकातोंडात जाते. परवा तर तिनं तोंड काढलं आणि धार थेट तिच्या कानात. ती चिडली, मी हसले. आता मी तिला काढलेलं दूध बाटलीनं देते, मग त्रास नाही. बाटली ती शहाण्यासारखी पिते. एकदम हुशार आहे. वजन चांगलं वाढतंय, नर्सबाईंनी शाबासकी दिली.

मला थोडं एकटं वाटतं, पण ते सगळ्यांनाच वाटत असेल. दुपारी शाळा सुटते तेव्हा रस्त्यावर जरा गोंगाट होतो, तो ऐकायला मी खिडकीत उभी राहते. सगळी पोरं गेली की खिडकी लावते.

तू मजेत ना? वेतं कधी संपतात?

तुझी दुभती,
ठमी


३ मार्च

ठमे,

शाबास! मी मास्तरीणला तुझं पत्र वाचून दाखवलं. ती तुझ्यावर जळते आहे.

डेअरीत सगळ्यांना सांगितलं. आमचा ट्रकवाला म्हणाला, "तुमच्या भाचीला इकडे बोलवा, मालक दुसरी टाकी घेईल." सगळे हसले. मला हसणं ऐकू येत नाही पण दात दिसतात. खूप दिवसांनी कुणी माझ्या घरातल्या गोष्टीवर हसलं. माझं घर म्हणजे काय, एक खाट, एक कपाट आणि कपाटाच्या आत तुम्ही दोघी.

दूध जास्त येतंय म्हणून घाबरू नकोस. देणाऱ्याचे हात हजार, तुला दोन्हीकडून दिलंय. ज्यांना येत नाही त्यांना विचार. तू फक्त हयगय करू नकोस, दर वेळी रिकामी कर. ठसका लागतो म्हणतेस तर बाटली बरीच. आम्हीही वासरांना बादलीतूनच पाजतो, पोट भरल्याशी कारण. तूही बाटलीवरच वाढलीस आणि बघ कशी झालीस, जावईबापूंना पुरून उरलीस.

एकटं वाटतं ते काही खरं नाही. लेकुरवाळीला कसलं एकटेपण? एकटी मी. माय मरो पण मावशी उरो म्हणतात, ती उरलेली मावशी काय करते ते कुणी पुढे सांगत नाही.

असो. तब्येतीला जप.

मावशी


१५ मार्च

मावशी,

हे पत्र छोटं आहे. बसवत नाही.

गेल्या आठवड्यात ताप भरला. हुडहुडी, आणि डाव्या बाजूला लाल चट्टा, हात लावू देत नव्हता. रिकामी करत होते गं मी, तू म्हणालीस तशीच, एकदाही चुकले नाही. तरीही झालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, ताप उतरला. तुझ्या रांगेतली पहिली गाय आजारी पडली, नोंद घे.

पण ताप हे कारण नाही. मागच्या पत्रात मी तुला सगळं लिहिलं नव्हतं. मुठू मला घेत नाही. छातीशी धरलं की अंग ताठ करते, मान मागे टाकते, दोन्ही मुठींनी मला ढकलते आणि किंचाळते. नुसता सदरा वर केला तरी रडायला लागते. शिंपीणबाईंनी तिला उचललं की गप्प होते. बाटली दिली की गप्प होते. माझ्याकडे आली की रडते. मावशी, तिला माझी भीती वाटते.

दिवस कसा जातो सांगू? मी आतल्या खोलीत यंत्र लावून बसते. ती बाहेरच्या खोलीत रडत असते. मला उठता येत नाही कारण अर्ध्यावर सोडलं तर पुन्हा गाठ. मग मी तिला तिथूनच हाका मारते, आणि यंत्राच्या आवाजात तिला त्या ऐकू जात नाहीत. सगळं काढून होईपर्यंत ती रडून झोपलेली असते. मी तिच्यासाठी बाटल्या भरते आणि ती कशी झोपते ते मला ठाऊक नाही. तिला डेअरी मिळाली, आई नाही मिळाली.

कदाचित हे शिकावं लागत असेल. मी कुणाकडून शिकणार होते? मला कुणी छातीशी घेतलंच नाही. तुझा दोष नाही, तू बाटलीनं वाढवलंस म्हणून मी जगले. पण जे मला मिळालं नाही ते मी तिला कुठून देऊ?

पुढच्या आठवड्यात नर्सबाई येणार आहेत. त्यांना दूध आटवायच्या गोळ्या मागणार आहे. मग छाती घट्ट बांधून टाकेन. पावडरच्या दुधाचा डबा आणेन, बाटली देईन, आणि ती मला बघून रडणार नाही. एवढंच हवंय मला. तुला सांगायचं राहिलं, बोगद्यावरून रविवारी यांचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, "सगळं मस्त."

ठमी


२० मार्च

ठमे,

गोळ्या मागू नकोस. छाती बांधू नकोस. आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, मग तुला वाटेल ते कर.

तुझं पत्र हातात होतं आणि मी मास्तरीणखाली बसले होते. मशीन काढलं, सवयीनं हात घातला, शेवटची धार काढली. आणि तिथेच बादली घेऊन बसून राहिले. ठमे, आम्ही गाय शेवटच्या धारेपर्यंत का काढतो? उद्या तिनं आणखी द्यावं म्हणून! कास जेवढी रिकामी, तेवढी दुसऱ्या दिवशी भरते. दूध नको असलं, गाय आटवायची असली, की आम्ही धार कमी करतो, आत थोडं राहू देतो. हे गोठ्यातलं अंगठा चोखणारं पोरही सांगू शकलं असतं. आणि तुला मी काय सांगितलं? एका वासरासाठी गोठा चालवायला लावला. वर चारचौघांत मिरवलं. अक्कल गहाण ठेवली होती मी. शिव्या घाल.

यापुढे माझं ऐकायचं नाही म्हणून मी दवाखान्यात गेले, बाळंतिणींची नर्स असते तिच्याकडे. मला ऐकू येत नाही, त्यामुळे ती ओरडून सांगत होती आणि मी ओरडून विचारत होते. "दोन्ही स्तनांचं म्हणताय का, आजी?" असं तिनं विचारलं तेव्हा बाकावरचा एक म्हातारा उठून बाहेर गेला. शेवटी तिनं कागदावर लिहून दिलं. ते असं: यंत्र एकदम बंद करायचं नाही, एकदम सोडलं की पुन्हा गाठी. रोज थोडं थोडं कमी करायचं. पाजण्याआधी हातानं थोडंसंच काढायचं, बाळाला धरता येईल इतकं मऊ होण्यापुरतं. मागे रेलून बसायचं आणि बाळाला वर, पोटावर घ्यायचं, म्हणजे धार चढावर जाते आणि ठसका लागत नाही. पाजून झालं की गार फडकं. आणि एका वेळी एकच बाजू, ती पुन्हा मागेल तेव्हा पुन्हा तीच, पण हे मात्र तुझ्या नर्सला दाखवून, विचारून. पुन्हा ताप आला तर लगेच डॉक्टर. ताप असला तरी पाजता येतं.

हे झालं दुधाचं. आता दुसरं सांगते. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू लिहिलंस, मला कुणी छातीशी घेतलं नाही. तुझी आई गेली तेव्हा मी तुझ्या आताच्या वयापेक्षा लहान होते. बाटली पिऊन झाली की पोट टम्म होऊनसुद्धा रडायचीस. वाटायचं भूक असेल, आणखी द्यायचे, तू ओकायचीस आणि पुन्हा तोंड इकडून तिकडे फिरवून काहीतरी शोधायचीस. माझ्या सदऱ्याचं बटण चोखायचीस. लाल व्हायचं तोंड. एका दुपारी मला राहवलं नाही. दार लावलं, कडी घातली, आणि तुला छातीशी लावलं.

आत काय होतं? कोरडं ठणठणीत. मला वाटलं आता ही मला ओळखेल, सोडून देईल आणि जास्तच रडेल. तू सोडलं नाहीस. थोडा वेळ ओढलंस, मग नुसतीच धरून राहिलीस, आणि झोपलीस. मी हलले नाही. पाय मुंग्यांनी भरून गेले तरी हलले नाही. मग रोज दुपारी. मशीनच्या पाळीवरून यायचे, बाटली पाजायचे, दार लावायचे आणि तुला घ्यायचे. तुला बसता यायला लागेपर्यंत.

लोकांना कळलं असतं तर म्हणाले असते, लग्न नाही, मूल नाही, आणि हौस बघा बाईची. म्हणून दार लावायचे. तुलाही सांगितलं नाही, मला लाज वाटायची. वाटायचं, मी तुला फसवलं. तोंडात दिलं, पण त्यात काही नव्हतं.

पण तू दुधासाठीच येत असतीस, तर माझ्याकडे कशाला आली असतीस गं? मुठूला तू नको आहेस असं नाही. तिच्या तोंडावर कारंजं सुटतं त्याची तिला भीती वाटते. तुला येतं ते सगळं. तू माझ्याकडून शिकलीस.

आणि वेतं कधीच संपली. मी खोटं बोलले. मला यायची भीती वाटते. बस कुठे थांबली, कुठलं नाव पुकारलं, मला ऐकू येत नाही. चुकले तर विचारणार कुणाला, आणि विचारलं तरी उत्तर कळणार कसं?

मावशी


२ एप्रिल

मावशी,

तुझं पत्र नर्सबाई यायच्या आदल्या दिवशी आलं. शिव्या घालणार नाही. एक मात्र सांगते, तू दवाखान्यात ओरडलीस तो भाग मी शिंपीणबाईंना वाचून दाखवला आणि त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, मग हसल्या.

नर्सबाईंना मी गोळ्या मागितल्या नाहीत. तुझा कागद दाखवला. त्या म्हणाल्या, सगळं बरोबर आहे, हे कुणी सांगितलं? मी म्हटलं, डेअरीवालीनं. मग त्यांनी मला रेलून बसायला दाखवलं, उशा कुठे लावायच्या ते दाखवलं. एक बाजू किती वेळ ठेवायची तेही ठरवून दिलं.

पहिले काही दिवस वाईट गेले. यंत्र कमी केलं तशी छाती ठणकायची. गार फडकी, पुन्हा कोबी. मुठू धरायची, सोडायची, रडायची. मी प्रत्येक वेळी म्हणायचे, हे शेवटचं, आता बाटली. आणि तू दार लावून बसलेली दिसायचीस, म्हणून आणखी एकदा प्रयत्न करायचे.

काल दुपारची गोष्ट. तिनं उजवीकडे पिऊन घेतलं होतं. जेमतेम तासाभरानं पुन्हा कुरकुरायला लागली. मी पुन्हा उजवीकडेच घेतलं, सांगितलं होतं तसं. मावशी, ती बाजू मऊ होती. एवढी मऊ माझी छाती मी कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती. आत फार काही नव्हतं, मला कळत होतं. तिनं तोंड लावलं आणि मी श्वास रोखून बसले, आता हिला कळेल की इथे काही नाही, आता किंचाळेल.

धार आली नाही. ठसका लागला नाही. तिनं दोन-चार वेळा ओढलं, गिळायचा आवाज थांबला, आणि तरी ती तिथेच राहिली. नुसती धरून. डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. मग बघता बघता मिटले. समोरची शाळा सुटली, सगळी पोरं ओरडत गेली, मी खिडकीत गेले नाही.

आणि तिची मूठ माझ्या छातीवर होती, ती उघडली. मी काही केलं नाही. एकेक बोट आपोआप सुटलं, आणि तळहात माझ्यावर सपाट पडून राहिला. आत थोडा मळ होता. मी खूप रडले, आवाज न करता, ती उठू नये म्हणून.

घर अजून तसंच रिकामं आहे. रविवार सोडला तर अजून कुणाचा फोन येत नाही. पण मागच्या रविवारी मी "सगळं मस्त" म्हटलं नाही. खरं सांगितलं. ते म्हणाले, रजेचा अर्ज देतो. मिळेल न मिळेल. फ्रीझरमध्ये मटार परत गेलेत.

सोबत एक पुठ्ठा पाठवतेय. त्यावर मी सगळे थांबे ओळीनं मोठ्या अक्षरांत लिहिलेत, प्रत्येक थांब्यावर खिडकीतून काय दिसतं तेही लिहिलंय. पाण्याची टाकी, पेट्रोल पंप, पिवळी इमारत. शेवटी शाळा. तुला काही ऐकायची गरज पडणार नाही, फक्त बाहेर बघत ये. शाळेशी मी उभी असेन. तिला घेऊन.

एक विचारायचं आहे. तू दार लावून मला घ्यायचीस, तेव्हा माझी मूठ उघडायची का गं?

ठमी


९ एप्रिल

ठमे,

पुठ्ठा मिळाला. अक्षर अजून कोंबडीच्या पायाचं आहे, पण वाचता येतं. मालकाशी बोलले. फोटो कपाटाच्या आतून काढून बाहेर लावलाय.

उघडायची. उजवी आधी.

मावशी